हळद आणि त्वचेंतील पहारेकरी

आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें वाचकांस ठाऊक असेलच. अमरकोशांत हरिद्रेचें एक नांव ‘वरवर्णिनी’ असें आहे. उत्तम वर्णाच्या स्त्रीसही हाच शब्द. वधूवरांस हळद लावितात ती वर्णासाठीं, आणि मुलाचा गुडघा फुटला कीं चिमूटभर दाबतात ती औषध म्हणून. पण ती त्वचेंत करिते तरी काय?

पेशीच्या केंद्रकांत सुमारे २०,००० जनुकें असतात. तीं सारीं एकाच वेळीं कामास लागत नाहींत. कोणतें केव्हां जागें व्हावें हें प्रथिनांच्या परस्पर-संबंधावर ठरतें. १९८६ सालीं रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनीं ‘एन्‌एफ-कप्पा-बी’ नामक असें एक प्रथिन शोधून काढिलें. एरवीं तें ‘आय-कप्पा-बी’ या दुसऱ्या प्रथिनाच्या मिठींत, केंद्रकाबाहेर जखडलेलें असतें. पहिल्यास बंदिवान व दुसऱ्यास पहारेकरी म्हणूं. त्वचेला जखम झाली, जंतु शिरले, कीं तिसरें एक प्रथिन पहारेकऱ्यावर फॉस्फेटचा शिक्का मारितें. शिक्का बसलेला पहारेकरी नष्ट होतो, बंदिवान केंद्रकांत शिरतो आणि दाहाचीं जनुकें जागवितो. लाली, सूज, ठणका हा सर्व त्याचा परिणाम. मौज अशी कीं, तो जागवितो त्या जनुकांत पहारेकऱ्याचेंही जनुक असतें! नवा पहारेकरी घडतो आणि बंदिवानास पुन्हां धरून बाहेर आणितो. ज्या उंदरांत हें जनुकच काढून टाकलें, ते त्वचेच्या तीव्र दाहानें ग्रस्त होऊन जन्मानंतर आठ-दहा दिवसांत मेले.

हळदींतील कर्क्युमिन या द्रव्यानें पहारेकऱ्यावरील शिक्का रोखला जातो, असें १९९५ सालीं मानवी पेशींवरील प्रयोगांत दिसलें. त्याच वर्षीं जखमेवर हळद वापरण्याचें पेटंट अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाकडे गेलें. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन हरकत घेतली, आणि १९९७ मध्यें तें रद्द झालें. अभिमानाचीच गोष्ट. परंतु ‘हें आम्हांस पूर्वींच ठाऊक होतें’ एवढेंच त्यानें ठरलें. ‘हें सिद्ध आहे’ असें नव्हे. हा भेद आमचे सुशिक्षित लोकही विसरतात.

काचेच्या बशींतील पेशींस शुद्ध कर्क्युमिन मिळतें. घरच्या हळदींत तें सुमारे तीन टक्के. शिवाय पाण्यांत विरघळत नाहीं आणि लवकर विघटतें. २०१७ सालीं रसायनशास्त्रज्ञांनीं घेतलेल्या एका आढाव्यांत, निर्दोष पद्धतीनें माणसांवर केलेली एकही यशस्वी चाचणी त्यांस आढळली नाहीं. आणि दाह कांहीं केवळ शत्रु नव्हे. जंतूंशीं लढाई त्याच्याच बळावर चालते.

लग्नांत हळद खुशाल लावावी. पण मूल भाजलें तर आधीं त्या जागीं गार पाण्याची धार धरावी, खोल जखम असेल तर ती धुवून थेट दवाखाना गांठावा. डब्यांतील हळद निर्जंतुक नसते. आणि तिच्या पिवळ्या थराखालीं जखमेची लाली कितपत पसरली आहे, हें डॉक्टरास दिसत नाहीं.