खोली समुद्राकडे तोंड करून हवी!

परदेशवारीला निघालेल्या मराठी माणसाच्या दोन अटी असतात. जेवणात वरण-भात हवा आणि खोली 'सी-फेसिंग' हवी. पहिल्या अटीविषयी माझी तक्रार नाही; ती माझीही आहे. माझं भांडण दुसरीशी आहे, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन गावापुरतं तर ते हातघाईवर आलेलं आहे.

डर्बन हे हिंदी महासागराच्या काठावरचं दमट, ऊबदार शहर. आपण जुलैत छत्र्या उघडतो तेव्हा तिथं हिवाळा असतो. पण हिवाळा म्हणजे काय, तर स्वेटर उगीच वाहून आणला असं वाटू नये, इतपतच. किनाऱ्यालगत लांबच लांब फिरायचा रस्ता, त्याच्यामागे हॉटेलांची भिंत. शार्क माशांना अटकाव म्हणून १९५२ पासून समुद्रात जाळी लावलेली आहेत. तेव्हा खुशाल पाण्यात उतरावं. आपले लोक उतरतातही. घोट्यापर्यंत.

एका यात्रा कंपनीचं पत्रक माझ्यासमोर आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या कंपन्यांची पत्रकं एकाच छापाची असतात. त्यात डर्बनला दीड दिवस दिला आहे. पैकी निम्मा दिवस २००४ साली उघडलेल्या मत्स्यालयाला, कारण ते बुडालेल्या जहाजाच्या आकाराचं आहे. मग फुटबॉलच्या २०१० च्या विश्वचषकासाठी बांधलेलं स्टेडियम. त्याच्या १०६ मीटर उंच कमानीवर पाळण्यातून जायचं आणि वरून, अर्थातच, समुद्र बघायचा. मग 'खरेदीसाठी मोकळा वेळ'. आणि सगळ्यात शेवटी, मुंगीच्या अक्षरांत : 'फिनिक्स आश्रम (वेळ मिळाल्यास)'.

वेळ मिळाल्यास! अहो, खोट्या बुडालेल्या जहाजासाठी चार तास काढता, आणि खऱ्या, तरलेल्या जहाजाचं काय? 'ट्रुरो' नावाचं जहाज मद्रासहून निघून १६ नोव्हेंबर १८६० रोजी याच बंदराला लागलं. त्यात उसाच्या मळ्यांवर पाच-पाच वर्षांच्या करारानं बांधून आणलेले आपले लोक होते. १९११ पर्यंत अशी सुमारे दीड लाख माणसं आली. त्यांना सी-फेसिंग मिळालं ते फक्त जहाजात.

पुढं त्यांच्या नातवंडांनाही ते मिळालं नाही. १९५३ च्या कायद्यानं समुद्रसुद्धा वाटून दिला : उत्तम वाळू गोऱ्यांना, उरलीसुरली इतरांना. ज्या हॉटेलांच्या गॅलरीत उभं राहून आपण आज फोटो काढतो, तिथं आपल्या रंगाच्या माणसाला बरीच वर्षं मुक्त प्रवेश होता तो ट्रे हातात धरून. हा कायदा १९९० साली रद्द झाला. म्हणजे पुराणातली गोष्ट नव्हे. आमच्या घरी तोवर टीव्ही रंगीत झाला होता.

गांधीजींना मात्र इथला 'सी-व्ह्यू' भरपूर घडला. १८९६ च्या डिसेंबरात ते परत आले तेव्हा प्लेगचं निमित्त करून जहाज तीन आठवड्यांहून जास्त काळ बंदराबाहेर अडकवून ठेवलं. १३ जानेवारी १८९७ ला उतरले तर जमावानं दगड आणि सडकी अंडी मारली. वाचवलं कोणी? पोलीस सुपरिंटेंडेंटच्या बायकोनं, आपली छत्री उघडून. माझ्या मते त्या छत्रीसाठी अर्धा दिवस द्यायला हरकत नाही. गावातल्या पॉइंट रोडला आता महात्मा गांधींचं नाव दिलं आहे. पूर्वी या रस्त्याचं नाव सभ्य घरात मोठ्यानं घेत नसत! आपल्याकडच्या महात्मा गांधी रस्त्यांवर निदान साड्यांची दुकानं असतात.

पुणेकरांना तर मी वेगळं विचारतो. सदाशिव पेठेतून उठून इतक्या लांब गेलात, आणि गोपाळ कृष्ण गोखले जिथं गेले होते ते न बघता परत आलात? नाताळ प्रांतात मजूर पाठवणं १९११ साली थांबलं, त्यामागे गोखल्यांनी कौन्सिलात आणलेला ठराव होता. १९१२ साली ते स्वतः तिथं गेले. ट्रान्सवालमधल्या टॉलस्टॉय फार्मवर त्यांच्यासाठी खाट मागवून ठेवली होती; बाकीचे खाली निजतात म्हटल्यावर त्यांनीही जमिनीवरच अंथरूण घालायला लावलं. प्रकृती तोळामासा, पण 'खिडकी कुठल्या दिशेला आहे?' असं विचारल्याची नोंद नाही.

"पण गावात चोऱ्या होतात म्हणे!" होतात. म्हणून अंधार पडल्यावर पायी भटकू नये, गळ्यातलं घरी ठेवून जावं, गाडी ठरवून फिरावं. पण चोरांना भिऊन उत्तरेला उमश्लांगाच्या मॉललगतच्या हॉटेलात राहायचं, हा उपाय मला पटत नाही. तिथं माकडं गॅलरीतून येऊन न्याहारी पळवतात, ती चोरी नव्हे काय?

राहायचंच तर बेरियाच्या टेकडीवर राहा. मस्ग्रेव्ह भागात जुन्या घरांतून खोल्या मिळतात. व्हरांडा, झाडं, आणि समुद्र जिथं शोभतो तिथं, म्हणजे लांब. तिथून वनस्पती उद्यान जवळ. त्यात सायकसच्या जातीचा एक नर आहे. या जातीचं एकच झुडूप १८९५ साली जंगलात सापडलं. मादी आजतागायत सापडलेली नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ स्थळं बघणं चालू आहे. त्याच्यापुढे पाच मिनिटं उभं राहावं. आपली मुलं तिशीत लग्नाला तयार होत नाहीत याची काळजी निम्मी होते.

दुपारी ग्रे स्ट्रीटवर (नाव आता डॉ. युसूफ दादू यांचं आहे) जाऊन बनी चाऊ खावा. पाव कोरून त्यात रस्सा भरतात. बीन्सचा घेतला तर शाकाहारी. मग फिनिक्स. हा आश्रम १९०४ सालचा; १९८५ च्या दंगलीत जळाला, पुन्हा उभारून २००० साली उघडला. जवळच जॉन ड्यूब यांची ओहलांगे शाळा आहे. १९९४ साली मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत याच शाळेत टाकलं. मत द्यायला देशभर कुठंही जाता आलं असतं. त्यांनी हे ठिकाण निवडलं. शाळेतून समुद्र दिसतो की नाही, हे त्यांनी बघितलं नसावं.

मी हे सगळं त्या कंपनीच्या माणसाला फोनवर सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, फिनिक्स घालतो. मग मॉल काढावा लागेल. बाकीचे चाळीस जण चालवून घेतील का, ते तुम्हीच विचारा." यादी पाठवली आहे त्यानं. पहिले नऊ फोन झाले; त्यातल्या दोघांनी हो म्हटलंय.