दारातला भोपळा आणि अनर्थदंड



सप्टेंबर लागला की आमच्या शिकागोच्या उपनगरात घरांचे ओटे नारिंगी व्हायला लागतात. पायऱ्यांवर भोपळे, खांबांना मक्याची वाळलेली ताटं, कोपऱ्यात गव्हाच्या काडाचे गठ्ठे आणि दाराच्या दोन्ही बाजूंना शेवंतीच्या कुंड्या. सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या शेतकरी घरांतल्या माणसांना हसू येईल. तिकडे कडबा गुरांपुढे टाकतात, इथे तो पैसे देऊन आणतात आणि खांबाला बांधतात. हॅलोविन जवळ आलं की त्यात कोळ्याची जाळी आणि सांगाडे येतात. थँक्सगिव्हिंग उलटलं की एका सकाळी सगळं कचऱ्याच्या डब्यात.

आता आपल्याही घरांपुढे हे दिसतं, आणि त्यावरून आपल्यात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, "हे परक्यांचं आहे, आपल्या दारात नको." दुसरा म्हणतो, "इतकं काय त्यात? मुलांची हौस आहे." मला दोन्ही तटांशी भांडायचं आहे.

आधी पहिल्यांशी. दसऱ्याला आपण ज्याचं तोरण बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. लाल भोपळा आणि मकाही अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आले. देवळातल्या हारातली शेवंती चीनची. फूल कुठून आलं हे विचारून आपल्या आज्यांनी तोरण बांधलं नाही. दार स्वच्छ असावं, येणाऱ्याला प्रसन्न वाटावं, ही रीत तर आपल्या रक्तातली आहे. तेव्हा "परकं आहे" हे कारण टिकत नाही. उलट या कारणामुळे खरा प्रश्न बाजूला राहतो. सजावट कोणाची, हा प्रश्न नाही. तिच्यासाठी जीव किती गेले आणि कशासाठी गेले, हा प्रश्न आहे.

आता दुसऱ्या तटाशी. "भोपळा भाजीच आहे ना, आपण रोज भाजी चिरतोच की," असं मला ऐकवलं जातं. बरोबर आहे, चिरतो. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्रही मान्य करतं. म्हणूनच तर श्रावकासाठी अनर्थदंड-विरतीचं वेगळं गुणव्रत सांगितलं आहे. अनर्थदंड म्हणजे ज्यातून काहीच साधत नाही असं पाप. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार सांगितले, त्यांतला एक प्रमादचर्या. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं हे त्यात येतं. भोपळा चिरून घरच्यांना वाढला तर त्याला अर्थ आहे. तोच पायरीवर सडवला, तर तो अनर्थ.

आणि तो सडतोच. भोपळ्यात बहुतेक पाणीच असतं. कोरलेला भोपळा चार-सहा दिवसांत बुरशी धरतो, त्यात अळ्या होतात. सडू नये म्हणून त्याला ब्लीचच्या पाण्यात बुडवायचा सल्ला दिला जातो. म्हणजे आधी विनाकारण कापायचा आणि मग त्यावरचे सूक्ष्म जीव मारायचे! शेवटी तो कचऱ्यातून कचराभूमीवर जातो, तिथे हवेवाचून कुजतो आणि मिथेन वायू सोडतो. अमेरिकेत सगळ्यात जास्त भोपळा आमच्या इलिनॉय राज्यात पिकतो, मॉर्टन नावाचं गाव स्वतःला जगाची भोपळ्याची राजधानी म्हणवतं. तिथला बराचसा माल डबाबंद होऊन लोकांच्या पोटात जातो. पायरीवरचा भोपळा मात्र कोणाच्याच पोटात जात नाही, याचं वाईट वाटायला नको का?

जाळ्यांबद्दल तर मी हात जोडून सांगते, ती आणूच नका. ती ताणायची पांढरी जाळी बारीक कृत्रिम धाग्यांची असतात. झुडपांवर पसरली की त्यांत लहान पक्षी, वटवाघळं आणि मधमाश्या अडकतात. जखमी वन्यजीवांची सेवा करणारी माणसं दर ऑक्टोबरला याबद्दल सांगून थकतात. पाणी गाळून पिणाऱ्या घराच्या दारात फास पसरलेला असावा, हे मला कसंच पटत नाही.

दारातले तुटके हात, रक्ताचे ओघळ, फासावरची बाहुली? "प्लास्टिकच आहे, कोण मेलं?" असं म्हणाल तर यशोधर राजाची कथा आठवा. त्याने खरा कोंबडा मारलाच नव्हता, पिठाचा केला होता. तरी मनात मारण्याचा भाव धरला म्हणून त्याला आणि त्याच्या आईला किती योनींत फिरावं लागलं! लहानपणी आपण सगळ्यांनी ती ऐकली आहे. भावहिंसा म्हणजे काय हे त्या पिठाच्या कोंबड्याने शिकवलं. 2024 साली दिवाळी आणि हॅलोविन इथे एकाच दिवशी आले. ज्या अमावास्येला आपण महावीर स्वामींचं निर्वाण आठवतो, त्याच संध्याकाळी काही दारांत एकीकडे पणती होती आणि दुसरीकडे रक्ताळलेला हात. मुलांनी त्यातून काय समजायचं?

दोन गोष्टी सजावटीत मोजल्याच जात नाहीत, पण मोजायला हव्यात. पहिली म्हणजे दिवे. शरदात लाखो पक्षी रात्री उडत दक्षिणेला जातात आणि उजेडाने भरकटतात. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेस या इमारतीच्या काचांवर आपटून एका रात्रीत जवळपास हजार पक्षी मेले. आपलं घर तेवढं मोठं नाही, हे खरं. पण ओट्यावरच्या माळा रात्रभर पेटत्या ठेवून कोणाला दाखवायच्या असतात? झोपायला जाताना दिवा मालवणं हा तर आपल्या घरांतला जुना संस्कार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पानं. ओटा उठून दिसावा म्हणून अंगणातलं एकेक पान यंत्राने फुंकून, पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवलं जातं. त्या पाचोळ्यात पतंगांचे कोश असतात, काजव्यांच्या अळ्या असतात, भुंग्यांच्या राण्या त्याखाली मातीत हिवाळा काढतात. फुलपाखरं-मधमाश्यांसाठी काम करणारी झर्सीज सोसायटी लोकांना सांगते, पानं राहू द्या. आपल्याला हे बाहेरच्यांनी सांगावं लागावं? जमिनीवर जीव फार, पावलाखाली येतील, म्हणून आपले साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात. हा सगळा सजावटीचा काळ बहुतेक चातुर्मासातच येतो.

मग ओटा उघडा ठेवायचा का? मुळीच नाही. मी दरवर्षी सजवते. माझा नियम एकच आहे: दारात जे येईल ते पुढे स्वयंपाकघरात जावं, नाहीतर मातीत. भोपळे मी शुगर पाय जातीचे, लहान आणते. त्यांना कोरत नाही, रंग-चमकी लावत नाही. अख्खा भोपळा थंड हवेत कित्येक आठवडे टिकतो, मात्र कडक थंडी पडण्याआधी घरात घ्यायचा. मग त्याच्या घाऱ्या होतात, दह्यातलं भरीत होतं, बिया भाजून मुलं खातात. मुलांना चेहरा हवाच असेल तर कागदाचे डोळे चिकटवू द्या, काढले की भोपळा पुन्हा भाजी. ज्यांच्याकडे कोरलेले आहेतच, त्यांनी निदान कंपोस्टला द्यावेत. इथल्या ड्युपेज काउंटीत स्कार्स नावाची संस्था हॅलोविननंतर भोपळे गोळा करण्याचा कार्यक्रम करते. आपल्या गावात असं काही आहे का, ते विचारा.

शेवंती ऐन बहरातली आणली तर थंडीआधी तिची मुळं धरत नाहीत आणि झाड बहुधा मरतं. त्यापेक्षा इथल्या मातीतलं ॲस्टर वसंतात अंगणात लावा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जांभळं फुलतं, भुंग्यांना शेवटचा मध देतं, दरवर्षी आपणहून परत येतं. गळालेली मेपलची पानं परडीत ठेवा, ती मला कुठल्याही विकतच्या माळेपेक्षा देखणी वाटतात. उरलेली झाडाखाली सरकवा. दाराशी रांगोळी काढा, पणती काचेत ठेवा म्हणजे पाखरू होरपळणार नाही.

"शेजारी काय म्हणतील" हे मला नेहमी ऐकू येतं. शेजारी छानच म्हणतात, कारण त्यांना आपला ओटा सुंदर दिसतो. आणि त्यांच्या मुलाने "तुमच्याकडे जाळी का नाहीत?" असं विचारलं तर आपल्याला धर्म सांगायची फार सोपी संधी मिळते. व्याख्यान नको, एकच वाक्य पुरतं: त्यात पक्षी अडकतात.

दुकानात नारिंगी रांगा लागल्या आहेत, वस्तू गाडीत टाकायला मिनिट लागत नाही. मैत्रिणींनो, हात पुढे करण्याआधी प्रत्येक वस्तूला एवढंच विचारा: डिसेंबरमध्ये तू कुठे जाशील? उत्तर "कचऱ्यात" आलं, तर ती तिथेच राहू द्या.