दुःखाचा हेतू सांगण्याचा अधिकार

घरातील कर्ता मुलगा गेला, किंवा कोणी असाध्य रोगाने अंथरूण धरले, की समाचारास येणारांपैकी एखादा म्हणतोच, "ईश्वराचा यात काही हेतू असेल." ख्रिस्ती मंडळीत हे वाक्य इतके रूढ झाले आहे की, ते शास्त्रवचनच होय असा पुष्कळांचा समज दिसतो. दुःखास हेतू असू शकतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दुसऱ्याच्या दुःखातून तो परस्पर शोधून काढून त्याच्या पदरात टाकण्याचा अधिकार कोणासही नाही. आणि ख्रिस्ती शास्त्राचा कौलही असाच आहे, असे आमचे म्हणणे आहे.

ईयोबाची कथा पाहावी. संतती, संपत्ती व आरोग्य गमावून राखेत बसलेल्या त्या पुरुषाजवळ त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस मुकाट्याने बसून राहिले. तोवर ते मित्र होते. पुढे तोंड उघडून त्यांनी त्याच्या पापांचा हिशेब मांडला, तेव्हा ते ईश्वराचे वकील झाले. अखेरीस ईश्वराचा कोप झाला तो या वकिलांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे! आपल्याकडे 'प्राक्तन' म्हणून मोकळे होणारे गृहस्थ याच मित्रांचे सोयरे होत.

यावर प्रतिपक्ष योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांधाचा दाखला देईल. त्याचे अंधत्व हे कोणाच्या पापाचे फळ नसून त्याच्या ठायी देवाची कार्ये प्रगट व्हावीत म्हणून आहे, असे येशूने सांगितले, हे खरे. पण एवढे सांगून तो थांबला काय? त्याने माती कालवून त्या अंधाच्या डोळ्यांस लावली व त्यास दृष्टी दिली. स्वतःचा हात न हलविता नुसता हेतू सांगणारास हा दाखला देण्याचा हक्क पोहोचत नाही.

पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचकांस ठाऊक आहेच. 1874 च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे आईबाप व थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने उपासमारीने गेली. पुराणकथनावाचून दुसरा धंदा येत नव्हता आणि मजुरी करणे कुलाभिमानास सोसत नव्हते, हे रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे. सोळा वर्षांच्या त्या मुलीस तेव्हा कोणी 'हेतू' सांगितला असता, तर ते क्रौर्यच झाले असते. पुढे 1883 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुलींना आणले, केडगावी मुक्तिसदनात आश्रय दिला, शेती, विणकाम व छपाई शिकविली. आईबापांस जे हातांचे कसब नव्हते, ते या मुलींच्या हाती आले. रमाबाई याचे श्रेय ईश्वरासच देत; पण तसे म्हणण्याचा अधिकार त्यांनी भोगून आणि झिजून मिळविला होता.

शिवाय काही दुःखांचा हेतू सापडतच नाही. 1921 साली रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. पुढच्याच वर्षी त्याही गेल्या. त्या मातेच्या अखेरच्या वर्षाचा अर्थ कोण लावणार? वधस्तंभावर खुद्द ख्रिस्तानेही 'का?' असेच विचारले, आणि त्या घटकेस आकाशातून उत्तर आले नाही. मग आमच्या उपदेशकांजवळ ते तयार कोठून असते? त्यांनी शोकाकुल घरी जाऊन आधी चूल पेटते की नाही हे पाहावे, आणि ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस तेवढे गिरवावेत.