रेशीमकिड्याचे लिंग ठरवणारे गुणसूत्र

रेशीम उत्पादकासाठी नर अळी अधिक लाभाची असते. नराच्या कोषात वजनाच्या मानाने रेशीम जास्त भरते. अंडीपुंज केंद्रांवर तर संकरासाठी नर आणि मादी वेगळे करावेच लागतात आणि कोष कापून, आतला कोशित पाहून हाताने निवड करण्याची पद्धत आजही चालू आहे. म्हणजे किडा नर की मादी, हा पैशाचाही प्रश्न आहे. त्याचे उत्तर मात्र वर्षानुवर्षे निरुपयोगी वाटलेल्या जागी सापडले.

रेशीमकिड्यात गुणसूत्रांच्या 28 जोड्या असतात. माणसाच्या उलट, इथे दोन वेगळी लिंग गुणसूत्रे मादीकडे असतात: एक झेड आणि एक डब्ल्यू. नराकडे दोन्ही झेड. डब्ल्यू असले की मादी, हे जपानमध्ये हाशिमोतो यांनी 1933 मध्येच दाखवले होते. पण डब्ल्यूवरचे नेमके काय मादी घडवते, याचा पत्ता लागेना. तिथे प्रथिन बनवणारे जनुक हाती येत नव्हते; सापडत होते ते ‘उड्या मारणाऱ्या जनुकां’चे ढीग. डीएनएचे हे तुकडे जागा बदलतात किंवा आपल्या प्रती दुसरीकडे घुसवतात.

ते इथेच का साचतात? गुणसूत्रांची जोडी आपसात तुकड्यांची अदलाबदल करते, तेव्हा घातक घुसखोरी गाळली जाण्याची संधी मिळते. डब्ल्यूला ती नाही. ड्रॉसोफिला मिरांडा या फळमाशीत हा प्रकार अर्ध्या वाटेवर पाहायला मिळतो. तिच्या वाय गुणसूत्राला सुमारे 10 ते 15 लाख वर्षांपूर्वी एक साधे गुणसूत्र जोडले गेले. त्या भागात असे तुकडे घुसले आणि अनेक जनुके निकामी झाली.

2014 मध्ये टोकियो विद्यापीठातील काट्सुमा यांच्या गटाने कोडे सोडवले. डब्ल्यूवरून ‘पाय-आरएनए’ प्रकारचा एक चिमुकला रेणू तयार होतो. या रेणूंचे एरवीचे काम उड्या मारणाऱ्या जनुकांना आवर घालण्याचे. हा रेणू मात्र झेडवरच्या ‘मॅस्क’ या नर घडवणाऱ्या जनुकाचा संदेश तोडतो आणि भ्रूण मादीच्या वाटेने वाढतो. प्रथिनाची गरजच नाही.

1933 ते 2014 हा 81 वर्षांचा काळ आहे. तीन वर्षांच्या प्रकल्पात, ‘शेतकऱ्याला काय मिळणार’ या एकाच रकान्यावर निधी ठरला, तर असा शोध लागणे अवघड. भारत चीनखालोखाल रेशीम पिकवतो. मराठवाड्यातही तुतीची लागवड रुजली आहे. आपल्याकडे वाणसुधारणेला पैसा हवाच. पण गुणसूत्रांच्या मूलभूत अभ्यासासाठी वेगळा, दीर्घ मुदतीचा निधीही हवा आणि केंद्र सरकारने रेशीम संशोधनाच्या अंदाजपत्रकातच त्याची तरतूद करावी.