कन्नड सिनेमा, मुक्काम डोंबिवली

उडप्याकडचा मसाला डोसा डोंबिवलीत कुणाला परका वाटत नाही. सिनेमाचं मात्र तसं झालेलं नाही. 'केजीएफ'चा दुसरा भाग २०२२मध्ये ठाणे-कल्याणच्या पडद्यांवर गाजला तो हिंदी बोलून. त्याच वर्षीचा 'कांतारा'ही इथे बहुतेकांनी हिंदीतच पाहिला.

खरं तर 'कांतारा' कळायला कोकणी माणसाला दुभाष्या लागू नये. रानडुकराच्या रूपातलं पंजुर्ली दैव, त्याला दिलेला शब्द, जमिनीचा तंटा... गावी गेल्यावर आधी राखणदाराला नारळ ठेवणाऱ्याला यात नवं ते काय? पण नायक ऋषभ शेट्टीच्या तोंडची कुंदापूरकडची कन्नड बोली डबिंगमध्ये पार सपाट होते. मालवणीतलं भांडण पुस्तकी मराठीत ऐकावं, तसं.

मराठी-कन्नड देवघेव तशी जुनीच. कन्नड नाटककार गिरीश कर्नाड जन्मले ते इथून हाकेच्या अंतरावरच्या माथेरानला, १९३८ साली. 'उंबरठा'त स्मिता पाटीलच्या नवऱ्याची भूमिका त्यांचीच. शंकर नाग मराठी रंगभूमीवरून कन्नड पडद्यावर गेला. '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्याचा हात होता. 'सैराट'चा कन्नड अवतार 'मनसु मल्लिगे' २०१७मध्ये आला, तेव्हा नायिका रिंकू राजगुरूच राहिली.

तेव्हा वाचकहो, पुढचा कन्नड सिनेमा मूळ भाषेत, सबटायटल्स लावून पाहा. अडलंच, तर शेजारच्या शेट्टींना विचारा. ते घरी बहुधा तुळू बोलत असतील, पण कन्नड त्यांना येतंच.