ब्राउझर उशिरा उघडतो, दोष कोणाचा?

नाशिकच्या सराफ बाजारात, कापडपेठेत किंवा रविवार कारंजाच्या परिसरातील पेढ्यांवर महिन्याची २० तारीख उगवली की संगणकापुढची वर्दळ वाढते. हिशेबनीस ब्राउझरच्या चिन्हावर क्लिक करतो आणि पडदा तसाच राहतो. तो पुन्हा क्लिक करतो, मग आणखी एकदा. काही वेळाने तीन खिडक्या एकदम उघडतात आणि संगणक अधिकच जड होतो. मासिक जीएसटीआर-३बी त्या दिवशी दाखल झाले नाही, तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते; थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज वेगळे. मुंबई-आग्रा महामार्गाने इंदूरकडे निघायचा ट्रक भरून उभा असेल आणि माल ५० हजारांहून अधिक किमतीचा असेल, तर ई-वे बिल हाती आल्याखेरीज तो हलवता येत नाही. अशा वेळी संगणकाने खाल्लेली पाच मिनिटे फार मोठी वाटतात.

त्या घाईत बहुधा दोनच गोष्टी घडतात. इंटरनेट पुरवणाऱ्याला रागाचा फोन जातो, किंवा घरातील तरुण मंडळी ‘दुसरा ब्राउझर टाका’ असा सल्ला देतात. दोन्ही उपाय पुष्कळदा चुकीच्या दारावर थाप मारणारे असतात.

प्रथम दोन प्रकारचा विलंब वेगळा ओळखावा. ब्राउझरची खिडकीच उघडायला वेळ लागत असेल, तर त्याचा इंटरनेटशी सहसा संबंध नसतो. वायफाय बंद करून पाहिले तरी ती तितकीच रेंगाळते. खिडकी तत्काळ उघडते, पण पान येत नाही, असे असेल तर मात्र दोष जोडणीचा किंवा त्या संकेतस्थळावरील गर्दीचा असू शकतो. शेवटच्या तारखेच्या सायंकाळी ही गर्दी असतेच, आणि तिच्यावर पेढीतील कोणताही उपाय चालत नाही.

खिडकीच उशिरा उघडत असल्यास एक साधी कसोटी पुरते. सकाळी संगणक सुरू करून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि घड्याळ लावून ब्राउझर उघडावा. मग तो बंद करून लगेच पुन्हा उघडावा. पहिल्या वेळी पाऊण मिनिट आणि दुसऱ्या वेळी तीन सेकंद लागत असतील, तर अडचण बहुतेक हार्ड डिस्कची असते. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणारी तबकडी असते आणि ब्राउझरच्या शेकडो लहान फाइली तिच्यावरून एकेक वेचाव्या लागतात. दुसऱ्या वेळी त्याच फाइली रॅममध्ये तयार असतात, म्हणून खिडकी झटकन उघडते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. तेथे डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर खिळलेला दिसला, की निदान जवळजवळ पक्के होते.

ब्राउझरांची तुलना करतानाही हाच मुद्दा विसरला जातो. क्रोम आधी उघडून मग एज उघडला आणि एज जलद वाटला, ही तुलना नव्हे. प्रत्येक चाचणीपूर्वी संगणक पुन्हा सुरू करायला हवा. त्यातही एजमध्ये २०२१पासून अशी सोय आहे, की विंडोज सुरू होताच त्याचा काही भाग मागे जागा राहतो. क्लिक करताच तो उघडतो याचे एक कारण हेच. दुकान उघडण्याआधीच नोकर आत येऊन बसावा, तसा हा प्रकार. रॅम मुबलक असेल तर ठीक, अन्यथा त्याची जागा टॅलीसारख्या कामाच्या प्रणालीतून वजा होते. जानेवारी २०२०पासून एज हा क्रोमच्याच क्रोमियम या पायावर उभा आहे. ब्रेव्ह आणि ऑपेराही त्याच पायावर आहेत. त्यामुळे क्रोमवरून एजवर जाणे पुष्कळसे पाटी बदलण्यासारखे ठरते. फायरफॉक्सचे अंतरंग तेवढे खरोखर निराळे. मार्च २०२४मध्ये या क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांनी मिळून स्पीडोमीटर ३ ही चाचणी आणली, पण ती पान उघडल्यानंतरची तत्परता मोजते. ब्राउझर उघडायला किती वेळ लागतो, याविषयी तिचे गुण काहीच सांगत नाहीत.

खर्चाविना करण्याजोग्या गोष्टी आधी उरकाव्यात. काल उघडे असलेले सर्व टॅब आज पुन्हा उघडण्याची सूचना सेटिंगमध्ये दिलेली असेल, तर ती बदलून कोरे पान ठेवावे. एक्स्टेन्शन सर्व बंद करून वेळ मोजावा आणि लागतील तेवढेच एकेक चालू करावेत. सवलतीचे कूपन शोधणारे आणि व्हिडिओ उतरवणारे एक्स्टेन्शन पेढीच्या संगणकावर असण्याचे कारणच नाही. दोन अँटिव्हायरस एकाच यंत्रावर असल्यास एक काढावा. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपच्या यादीतून अनावश्यक नावे बंद करावीत. ‘हिस्टरी साफ करा’ हा सल्ला मात्र जपून घ्यावा. त्याने खिडकी उघडण्याचा वेळ क्वचितच घटतो, आणि पासवर्डच्या चौकटीत चुकून खूण राहिली तर जतन केलेले पासवर्ड पुसले जातात; ऐन २० तारखेला तर हा प्रयोग नकोच.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर नवा संगणक घेण्यापूर्वी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्याचा विचार करावा. यंत्र फार जुने नसेल, तर नव्याच्या किमतीच्या लहानशा भागात काम होते. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ करून घ्यावी. यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी हिशेबाची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घेऊन ती घरी ठेवावी.

विंडोज ७वर अजून चालणाऱ्या यंत्रांची गोष्ट वेगळी आहे. क्रोमची १०९ ही आवृत्ती त्यांच्यासाठी अखेरची होती. फेब्रुवारी २०२३पासून पुढची आवृत्ती त्यांवर चढतच नाही. तेथे ब्राउझर वेगाने उघडला तरी त्याच्या सुरक्षेतील नव्या फटी बुजत नाहीत. अशा संगणकावर जुने हिशेब पाहावेत. बँकेचे आणि कराचे व्यवहार मात्र दुसऱ्या यंत्रावरच करावेत.