वाइनच्या बाटलीवर मामाचं नाव नसतं



गेल्या महिन्यात ऑफिसात एक काम माझ्या वाट्याला आलं. एका वाइन कंपनीचं माहितीपत्रक लिहायचं होतं. विषय होता सस्टेनेबिलिटी, म्हणजे निसर्गाला आणि माणसांना न ओरबाडता धंदा करणं. बेळ्ळंदूरच्या फ्लॅटवर चहाचा कप घेऊन बसले आणि कंपनीने पाठवलेली माहिती वाचू लागले. सौरऊर्जा, ठिबक सिंचन, हलक्या बाटल्या, सांडपाण्याचा पुनर्वापर. सगळं छान होतं. तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं.

एक गोष्ट आधीच सांगते. वाइन प्यावी की नाही, हा आजचा विषय नाही. वाइन ही दारूच आहे आणि ज्याचा त्याचा निर्णय ज्याने त्याने घ्यावा. पण ती ज्या द्राक्षांपासून होते, ती पिकवणारी माणसं माझ्या घरातली आहेत. माझं आजोळ निफाड तालुक्यातलं, म्हणून हा विषय मला सोडवेना.

आधी पाण्याचं बघू. वायनरीत टाक्या, पिंपं, यंत्रं सतत धुवावी लागतात. एक लिटर वाइनमागे कित्येक लिटर पाणी नुसतं धुण्यातच जातं. त्या पाण्यात साखर, गाळ, चोथ्याचे कण असतात. ते तसंच ओढ्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. सांडपाणी न शुद्ध करता सोडलं की काय होतं, हे बेळ्ळंदूरकरांना वेगळं सांगायला नको. आमच्या तलावात शहराचं सांडपाणी इतकं आलं की त्याचा पांढरा फेस रस्त्यावर उडायचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये तर या तलावात आग लागली. म्हणून एखादी वायनरी पाणी शुद्ध करून पुन्हा मळ्याला देत असेल, तर त्याचं कौतुक करायलाच हवं.

दुसरी गोष्ट बाटलीची. वाइनमुळे होणाऱ्या प्रदूषणात काचेचा वाटा फार मोठा असतो, कारण काच वितळवायला प्रचंड उष्णता लागते आणि जड बाटली वाहून न्यायला इंधन. साधी रिकामी बाटली अर्ध्या किलोच्या आसपास भरते, दिमाखदार जाड बाटली त्याच्या दीडपट किंवा अधिक. आतली वाइन मात्र तेवढीच, ७५० मिलिलिटर! २०२३ मध्ये जगातल्या काही मोठ्या विक्रेत्यांनी एकत्र येऊन ठरवलं, की २०२६ अखेर बाटलीचं सरासरी वजन ४२० ग्रॅमच्या खाली आणायचं. म्हणजे हलकी बाटली दिसली तर ती कंजुषी समजू नका, शहाणपण समजा.

इतकं लिहून झालं आणि मी मामाला फोन केला. विचारलं, "मामा, तुमची वाइनची बाग होती ना? मग काढली का?"

मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अगं पोरी, काढली नाही, काढावी लागली."

२००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. करात सवलती मिळाल्या, निफाड तालुक्यातच विंचूरला वाइन पार्क झाला. त्याआधी राजीव सामंत यांनी नाशिकजवळ लावलेल्या वेलींतून सुलाची वाइन बाजारात आली होती. गावोगाव लोक वायनरीची भाषा बोलू लागले. मामानेही एका कंपनीशी करार करून दोन एकर वाइनची द्राक्षं लावली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. वाइनची द्राक्षं म्हणजे आपण बाजारातून आणतो ती नव्हेत. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खायला कोणी घेत नाही आणि बेदाण्यालाही चालत नाहीत. त्यांना गिऱ्हाईक एकच, वायनरी. वेल लावल्यावर पहिलं चांगलं पीक यायला दोन-तीन वर्षं जातात. तोवर खुंट, तारा, ठिबक, औषधं, सगळा खर्च शेतकऱ्याचा.

२००८ मध्ये जगात मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला आणि हॉटेलं ओस पडली. वाइनचा खप घसरला. वायनरींच्या टाक्या आधीच्याच मालाने भरलेल्या, नवी द्राक्षं कोण घेणार? नारायणगावची शातो इंडाज ही मोठी, जुनी कंपनीसुद्धा पुढे कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. लहान वायनरींची काय कथा!

मामाच्या कंपनीने आधी "पुढच्या आठवड्यात गाडी पाठवतो" म्हटलं, मग फोन उचलणं बंद केलं. द्राक्षं वेलीवरच सुकली. करारात भाव लिहिला होता, पण माल उचलला नाही तर काय, याची ओळच नव्हती.

मी तेव्हा चौथीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेले तर बागेच्या जागी नुसतं मोकळं रान आणि बांधावर वेलींच्या खोडांचा ढीग. मला वाटलं होतं, मामाने लाकडं विकत आणली. पुढची दोन वर्षं मामी त्याच खोडांवर बंबात पाणी तापवत होती.

सगळ्याच कंपन्या तशा नसतात. पडझडीतून टिकलेल्या काही वायनरींनी शेतकऱ्यांशी अनेक वर्षांचे करार केले आणि ते पाळलेही. म्हणजे हे जमण्यासारखं आहे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हाही कारण शेतकऱ्यांच्या हिताचंच दिलं होतं. त्यावर वादही खूप झाला. पण शेतकऱ्याचं हित ठरतं ते करारातल्या बारीक अक्षरांत. गोडी मोजणार कोण? पाऊस झाला, केवडा पडला तर नुकसान कोणाचं? तोडणीची तारीख कंपनीने पुढे ढकलली तर भरपाई काय?

सौर पॅनलचा फोटो निघतो, हलकी बाटली हातात घेता येते, पण पाळलेल्या शब्दाचा फोटो निघत नाही. तो वाईट वर्षीच दिसतो. म्हणून मला वाटतं, धंदा जबाबदार आहे की नाही याची खरी परीक्षा चांगल्या वर्षी होतच नाही.

मी माहितीपत्रक पूर्ण केलं. सोबत कंपनीला एक प्रश्न पाठवला, "विक्री घसरली त्या वर्षी शेतकऱ्यांचा माल ठरल्या भावाने उचलला का?" उत्तर आलं, "विचारून कळवतो." तीन आठवडे झाले. मी त्या पानावर जागा सोडून ठेवली आहे.

तुमच्याही घरात काहीतरी 'निसर्गस्नेही' म्हणून येत असेल. मध, बेदाणे, गूळ, तांदूळ. पुढच्या वेळी विकणाऱ्याला एवढंच विचारा, "पिकवणाऱ्याला किती देता, आणि पीक बिघडलं तर?" ज्याच्याकडे उत्तर आहे, तो हसून सांगेल.

मामाने आता त्या दोन एकरांत खायची द्राक्षं लावली आहेत. फोन ठेवताना म्हणाला, "फेब्रुवारीत ये, पेटी भरून देतो." पेटीवरही त्याचं नाव नसतं. पण ती द्राक्षं कोणाची, हे मला माहीत असतं.

भेटू पुढच्या वेळी!